कुंपणाबाहेरची जागा

प्रिय नोरीन,

तुझा फोन लागत नाही, की तू उचलत नाहीस, ते मला माहीत नाही. दोन्ही मी समजू शकतो, म्हणून लिहायला बसलो आहे. आपल्या चर्चमागची दफनभूमी हलवणार आहेत. डॅलसहून येणारा नवा रस्ता नेमका तिच्यावरून जातो. नोव्हेंबर लागला की यंत्रं येतील. त्याआधी तिथली सगळी माणसं बाहेर काढून गावाच्या पश्चिमेला नव्या जागेत ठेवायची आहेत. जे सापडतील ते जातील. जे सापडणार नाहीत ते रस्त्याखाली राहतील.

तू सोडून गेलीस ते ब्रॅशर गाव आता शोधूनही सापडायचं नाही. आजोबा सांगायचे तसं, आधी रेल्वे आली, मग ज्याचं नाव गावाला पडलं त्या ब्रॅशरने सरकी काढायचा कारखाना टाकला, आणि पन्नास मैलांतला कापूस इथे यायला लागला. पुढे बोंडअळी आली, रेल्वे गेली, आणि आपल्या लहानपणी उरलं ते एक पेट्रोलपंप, पेंडीचं दुकान आणि दोन चर्चं. मरणाऱ्या गावात कसं राहायचं ते आपल्याला ठाऊक होतं. वाढत्या गावात कसं राहायचं ते कुणी शिकवलंच नाही. आता तीन शाळा झाल्या, चौथी बांधताहेत. मी शाळेची बस चालवतो. आपल्या शेतावर घरांची वसाहत झाली, तिचं नाव ‘कॉटन मेडोज’ आहे. परवा तिथली एक मुलगी रस्त्याकडेला उगवलेलं बोंड घेऊन बसमध्ये चढली आणि मला म्हणाली, “मिस्टर वेंडेल, कुणाच्या तरी खेळण्यातल्या अस्वलाचं पोट फाटलंय बघा.” मी हसलो, पण दिवसभर कशात जीव लागेना.

नवी माणसं वाईट नाहीत, हे मी देवाला स्मरून सांगतो. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीच महिनाभर जेवण पोचवलं. चर्चमध्येही आता तीच जास्त. पण आपल्याकडे थडग्यावर गवताची काडी ठेवत नाहीत, हे त्यांना कुठून कळणार? मे महिन्यातल्या सजावटीच्या रविवारी सगळी घरं फावडी घेऊन जमायची, माती खरवडून उघडी करायची, वरंबा पुन्हा उंच करायचा, झाडून घ्यायचा आणि मग झाडाखाली कोंबडी नि पीचची पेस्ट्री खायची, हे तुझ्या हाताला अजून आठवत असेल. निम्म्या लोकांना दगड परवडला नाही. त्यांचा वरंबा हीच त्यांची खूण. आई नर्सिंग होममध्ये होती त्या वसंतात ओहायोहून आलेल्या ट्रिश बाईंनी वर्गणी काढली आणि सगळ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून एका शनिवारात जमीन सपाट करून हिरवळीचे गालिचे अंथरले. जुनं तारेचं कुंपण काढलं, पांढरं लाकडी घातलं, आणि ते सरळ दिसावं म्हणून थोडं आतबाहेर सरकवलं. रविवारी बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “किती ओसाड दिसत होतं हो! आता कसं प्रेमाने जपल्यासारखं वाटतं.” म्हातारा कॉय काठी टेकत मधोमध गेला. त्याची बायको पायाखाली कुठे आहे ते त्याला कळेना. म्हणाला, “जन्मभर आम्ही गवताशी भांडलो, बाई. मेल्यावर तुम्ही तेच अंगावर घातलंत.” बाई रडल्या. कॉय त्या वर्षीच गेला.

आता रस्तेखात्याने पाठवलेली एक तरुणी रोज येते. मिस ओकाफोर तिचं नाव. मातीचा वरचा थर हळूहळू काढून खालच्या मातीचा रंग बघते, आणि तेवढ्यावरून इथे खणलं होतं की नाही ते सांगते. कॉयची बायको तिने शोधून दिली. पण तिला काम दिलंय ते कुंपणाच्या आत, आणि बाहेर चार पावलं. पलीकडे मोकळं रान, तिथे कोण असणार, असं सगळे म्हणतात.

नोरीन, मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. बाबांनी सफरचंदाच्या खोक्याला झाकण ठोकलं ते मी गोठ्यातून बघितलं. पहाटे तू त्यांच्यामागून चालत गेलीस, तुझ्या अंगात आईचा कोट होता. मला सांगितलं, वासरू मेलं. वासरासाठी कुणी बायबल नेत नाही एवढं मला कळत होतं. लग्नाआधीचं मूल म्हणून पाद्रीसाहेबांनी कुंपणाच्या आत जागा दिली नाही, हे पुष्कळ वर्षांनी बाबांच्या तोंडून निसटलं. त्याखेरीज त्या घरात कुणी कधी काही बोललं नाही. तू मात्र त्याच वर्षी उन्हाळा संपायच्या आत ओरेगॉनची बस धरलीस. पण दर सजावटीच्या रविवारी आई आपली सगळी थडगी खरवडून झाली की फावडं घेऊन कुंपणाबाहेर जायची आणि पाटाएवढी जमीन उघडी करून झाडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “साप येतात गवतात.” हात चालतील तोवर तिने ते केलं. तुला हे ठाऊक नसणार, म्हणून सांगतो.

गेले तीन आठवडे बस लावून झाली की मी तिथे जातो. प्रार्थना करतो, मग शोधतो. जवळचं झाड तोडलं आहे, जुन्या कुंपणाची रेघ राहिली नाही, आणि आईच्या जागेवर गवत माजलं आहे. मला सापडत नाही. काल मिस ओकाफोरने चर्चच्या मंडळींसमोर मला विचारलं, “तुमच्या घरची किती माणसं?” तिच्या नकाशात आजोबा, बाबा आणि आई होती. मी म्हणालो, चार. चौथं कुठे, असं तिने विचारलं तेव्हा मी कुंपणापलीकडे हात केला आणि म्हणालो, माझी बहीण येऊन दाखवील. मिस ओकाफोर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. पेटीवर घालायला नावही हवं म्हणाली. ते मला माहीत नाही. तू ठेवलं होतंस का? आईबाबांच्या मातीला आली नाहीस, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, यापुढेही विचारणार नाही. फक्त ह्या एकासाठी ये.

बसस्टँडवर घ्यायला येईन, काही न बोलता तिथवर नेईन.

तुझाच भाऊ,
वेंडेल