चार पायांचा जवान

३ नोव्हेंबर, सोमवार
ही डायरी कुणाला दाखवायची नाही. मोठ्या कामाच्या दिवसांत डोकं ठिकाणावर राहावं, एवढ्यासाठीच.

सायली गावातल्या आमच्या पंपाच्या कारखान्यातली मागची शेड मालक ललितशेठनी मला दिली. चार पायांचा रोबो बनवायचा, डोंगरात जवानांचं सामान वाहणारा. महिनाअखेरीस शेठच्या ओळखीचे एक निवृत्त कर्नल बघायला येणार. त्यांना पटला तर लष्कराकडे शब्द टाकतील. इतकी वर्षं पंप केले. पंप जागचा हलत नाही, तसाच मीही. आता बघा म्हणावं.

हाताखाली मृणाल दिलीय. नाशिकची, रोबोटिक्स शिकलेली, नरोलीत खोली घेऊन राहते. मला 'सर' म्हणते, पण म्हणताना लॅपटॉपकडे बघते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
रोबो उभा राहिला. नाव बलभीम. मृणालचं म्हणणं, पायांना रबरी तळवे लावू. मी म्हटलं, जवान चपला घालून लढत नाही. ती म्हणाली, बूट घालतो सर, आणि बुटाला तळ रबराचाच असतो. उर्मट. पोलादी खूरच राहणार.

संकल्प: तिच्याशी कामापुरतंच बोलायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बलभीम चालला. थेट मधल्या खांबापर्यंत. खांब चुकीच्या जागी आहे.

मृणालने परस्पर शेठला सांगितलं की लष्कराचं नंतर बघू, आधी केमिकल कारखान्यांत गॅस गळतो तिथे माणसाऐवजी हा पाठवू. शेठ मला गुजरातीत म्हणाले, सुधाकरभाई, छोकरीनी वात बराबर छे, म्हणजे पोरीचं म्हणणं बरोबर आहे. मी हसलो. आतून पेटलो होतो. सैनिकाला गटारं हुंगायला लावणार ही बाई.

वासंतीला सांगितलं. बायको म्हणून तिने चिडायला हवं होतं. ती म्हणाली, अहो, पोरगी दुपारी जेवत नाही वाटतं, उद्यापासून तिचाही डबा देते. म्हणजे शत्रू माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
धक्का बसला की बलभीम कोसळतो. तोल सावरायचा प्रोग्राम अर्धाच झालाय, डेमो पुढे ढकला, असं मृणाल सगळ्यांसमोर म्हणाली. मी शांतपणे तिची बदली पॅकिंगला केली. लॅपटॉपही काढून घेतला. जाताना एवढंच म्हणाली, सर, बलभीमला थांबवायच्या लाल बटणापासून लांब जाऊ नका. धमकीच ही.

शेडमध्ये आता छान शांतता. प्रोग्राम मीच पूर्ण करीन. पासवर्ड तेवढा मिळाला पाहिजे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पासवर्ड मागायला जाणार नाही. जुन्या प्रोग्रामवर भागेल. कर्नलसाहेबांना शिस्त आवडत असणार, म्हणून उद्या सकाळी फरशी फिनाइलने धुवायला सांगितलीय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
डेमो झाला. काही गोष्टी उत्तम झाल्या. चहा वेळेवर आला.

फरशी नीट वाळली नव्हती. हाउसकीपिंगचा निष्काळजीपणा. बलभीमचे चारही खूर चार दिशांना गेले, आणि खाली पडूनही तो पाय झाडत राहिला. खुर्च्या उडाल्या. ललितशेठ टेबलावर चढले. मी कर्नलसाहेबांच्या मागे उभा होतो. पाठीमागून त्यांचं रक्षण करायला कुणीतरी हवंच होतं. आवाज ऐकून मृणाल पॅकिंगमधून धावत आली, त्या पायांमध्ये हात घालून तिने लाल बटण दाबलं. मनगट मोडलं.

ती ओरडली नाही. कर्नल तिच्याशी बराच वेळ बोलत होते. माझ्याशी नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
वासंती सकाळीच नरोलीला गेली, मृणालला करून घालायला. जाताना विचारलं, बटण दाबायचं काम कुणाचं होतं. मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे, तुला कळणार नाही. ती म्हणाली, कळलं, आणि दार ओढून घेतलं. भात मीच लावला. खाली लागला. कुकर जुना झालाय.

१ डिसेंबर, सोमवार
शेठनी बोलावलं. शेड मृणालकडे. रोबो गॅसगळती शोधणार. मी परत पंपांवर. शेठ म्हणाले, पंपमां तमे एक्का छो. मी ते कौतुक म्हणून घेतलं. माझ्याशिवाय महिनाभरात सगळे रडत येतील.

२२ डिसेंबर, सोमवार
कोणी आलं नाही. शेवटी मीच शेडमध्ये गेलो, माझी मोजायची पट्टी तिथे राहिली होती म्हणून. मृणालच्या हाताला अजून प्लास्टर. जमिनीवर पाइप वेडेवाकडे टाकलेले, आणि बलभीम त्यांच्यावरून पाय निवडत हळूहळू येत होता. तो पडेल म्हणून मी उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो.

मृणालने या खेपेला माझ्याकडे बघून सांगितलं, सर, जरा बाजूला होता का, त्याला तुमच्यामुळे वळता येत नाहीये.

झालो.

पट्टी घ्यायची राहिली. वासंती हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने विचारलं, कुठे गेला होता. मी म्हटलं, कुठे नाही.