स्टेलाला सांगायचं राहिलेलं

प्रिय रूथताई,

तुला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. पत्र लिहायचं तर तू असताना लिहायला हवं होतं, कळतं मला. पण तू इथे म्हैसुरातच, कुवेंपुनगरात दोन गल्ल्या सोडून राहायचीस, पत्र कशाला लिहिणार? काठी टेकत यायचे, चहा प्यायचे, भांडायचे आणि परत जायचे. आता भांडायला कोणी उरलं नाही म्हणून ही वही काढली. खरं सांगू? आजही भांडायलाच बसले आहे.

चर्चच्या हॉलमध्ये तुझी प्रार्थनासभा झाली तेव्हा स्टेला आली होती. आपल्या शाळेत सातवीला कन्नड शिकवायची ती स्टेला. कृष्णराजनगरहून बसने आली, लेकीला घेऊन. आता तिचेच केस पांढरे झालेत बघ. सगळ्यांसमोर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘नीविब्बरू इल्दिद्रे नानू इल्ला, मिस.’ तुम्ही दोघी नसता तर मी नसते! दोघी म्हणाली गं ती. तिची लेक माझ्या पाया पडायला वाकली आणि मी, निर्लज्जासारखी, तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. स्टेलाला काय माहीत नाही, हे तुला माहीत होतं. तुला एकटीलाच!

आपली ओळख कशी झाली, आठवतं? तुझ्या यजमानांची इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये बदली झाली आणि तू नगरहून येऊन आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागलीस. मी गणिताची. स्टाफरूममध्ये खडूच्या डब्याचं झाकण निघेना, म्हणून मी ‘मेलं हे’ म्हणून डबा आपटला. कोपऱ्यातून तू ओरडलीस, ‘अगं बाई, मराठी!’ इतका आनंद झाला होता तुला, जसं काही माहेरचं माणूस भेटलं.

मग माझं मराठी ऐकलंस आणि हसून हसून बेजार झालीस. आमचं घर चार पिढ्या म्हैसूरचं, वडील शिंपी, घरात विठोबाची भजनं मराठीत आणि भांडणं कन्नडमध्ये. मी म्हणायचे, ‘आयितु, झालं, मी सुम्ने बसते.’ तू म्हणायचीस, ‘शकू, तू सुम्ने, म्हणजे गप्प, कधी बसलीस ते मला दाखव.’ पण कार्तिकात आमच्या भजनाला येऊन मागे बसायचीस, टाळसुद्धा धरायचीस. नाताळात तुझ्या करंज्यांचा डबा आमच्याकडे सगळ्यात आधी यायचा. माझ्या मुली ‘रूथमावशीच्या करंज्या’ म्हणून अजून आठवण काढतात.

आणि तुझं ते एक वेड! दहावीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा सगळ्या शाळांत ‘घरी वाचा’ म्हणून सोडून द्यायचे. तू मात्र दार उघडं ठेवून, फळ्यावर आकृती काढून शिकवायचीस. मुली खाली मान घालून खिदळायच्या. तू सांगायचीस, पोटातल्या जिवाचं काळीज धडधडायला लागतं तेव्हा कित्येकदा आईला पत्ताही नसतो. तो जीव देवाचा आहे, त्याला कुणी हात लावू नये, हे तुझं मत तू कधी लपवलं नाहीस. दुसऱ्या शनिवारी तुझ्या रेल्वे क्वार्टरमध्ये सहा-सात ख्रिस्ती शिक्षक जमायचे, प्रार्थना करायचे, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं शाळाशाळांना पाठवायचे. मला केक खायला बोलवायचीस. मी केक खायचे आणि वाद घालायचे.

तेव्हा गावातल्या भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. गर्भपाताचा कायदा होऊनही काही वर्षं झाली होती. शिक्षकांच्या सभेत एक अधिकारी येऊन म्हणाले, तुम्ही घरोघरी जाऊन बायकांना समजावा. तू उभी राहिलीस. म्हणालीस, ‘साहेब, मुलं किती व्हावीत ते नवराबायको बघतील. पण जे पोटात आलं आहे ते काढून टाका असं सांगायला मला पाठवू नका. मी शिक्षिका आहे.’ सगळी सभा हसली. मीसुद्धा हसले, ताई. खोटं कशाला बोलू?

कारण तेव्हा माझा राग होता तुझ्यावर. दोन मुलींनंतर मला पुन्हा दिवस गेले होते आणि आम्ही नवराबायकोनं ठरवून ते डॉक्टरांकडून काढून घेतलं होतं. घरच्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. तुला मात्र माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला वाटलं, आता ही बायबल उघडणार. तू गरम गरम सूप घेऊन आलीस, माझ्या धाकटीची वेणी घातलीस, भांडी घासलीस आणि निघून गेलीस. जाताना फक्त म्हणालीस, ‘पडून राहा.’ त्याबद्दल शब्दानं बोलली नाहीस. मला त्याचाच जास्त राग आला होता! ओरडली असतीस तर मी उलट ओरडले असते आणि मोकळी झाले असते.

मग ते स्टेलाचं झालं. तेवीस वर्षांची पोर, नोकरी कच्ची, लग्नाचं वचन देणारा गडी पसार. तिसरा महिना. ती आधी माझ्याकडे रडत आली, कारण मी व्यवहारी म्हणून प्रसिद्ध. मी डॉक्टरीणबाईंची वेळसुद्धा घेऊन दिली. मग ती तुझ्याकडे गेली. तू माझ्याशी भांडायला आलीस आणि विचारलंस, ‘नोकरी जाणार नसेल तर तिला काय हवंय, हे तू विचारलंस का?’ मी विचारलं नव्हतं. तू विचारलं होतंस. तिला मूल हवं होतं.

शाळेचं वेळापत्रक मी करायचे. जूनमध्ये मोठा कागद पसरून, पेन्सिल-रबर घेऊन, कोणाचा तास कुठे ते बसवायचं. तुझी युक्ती त्या कागदावरची होती. दिसायला लागायच्या आत स्टेलानं लांब रजेवर जायचं, तिचे सगळे तास तू घ्यायचेस (कन्नड तोवर तुला छान यायला लागलं होतं) आणि तिनं पुढच्या जूनला परत यायचं. मी म्हटलं, ‘अर्जात लिही, आई आजारी आहे.’ तू म्हणालीस, ‘खोटं लिहायचं नाही. घरगुती कारण लिही. घरगुतीच आहे ना?’ आपण दोघी पोटभर हसलो होतो. तुझे मोकळे तास सगळे गेले, आठवड्यात एक उरला. मी तो कागद तीनदा खोडून बसवला आणि मनातून मला तुझं कौतुक वाटत होतं. तुला कधी म्हटलं नाही एवढंच.

आठ दिवसांत मी सगळं मातीत घातलं.

हेडमिसनी मला ऑफिसात बोलावलं होतं, तुला एवढे तास का दिले ते विचारायला. शेजारी करस्पाँडंट बसलेले, चर्चतर्फे शाळेचा कारभार बघणारे. बोलता बोलता हेडमिस तुझ्या पत्रकावर घसरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमच्या लोकांत काय मिस, दोन मुली झाल्या की तिसऱ्याला डॉक्टर आहेतच.’ ताई, माझ्या डोक्यात तिडीक गेली! मला वाटलं, तूच सांगितलंस. तुझ्या त्या शनिवारच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन सगळ्यांनी डोळे मिटले असतील, असं वाटलं. आणि मी फाडकन बोलून गेले, ‘आमच्या लोकांचं राहू द्या. आधी तुमच्या चर्चमधल्या स्टेलाचं बघा, कितवा महिना आहे ते!’

तोंडातून निघालं आणि मला कळलं. पण निघालेलं परत कसं गिळणार?

चार दिवसांत स्टेलाला शाळेच्या समितीपुढे उभं केलं आणि त्याच दुपारी काढून टाकलं. मुलींपुढे वाईट उदाहरण नको म्हणे. त्यांतले दोघे तर तुझ्याच शनिवारच्या बैठकीतले! तू तिच्याबरोबर आत गेली होतीस. बाहेर व्हरांड्यात मला तुझा आवाज ऐकू आला, ‘शनिवारी आपण पोटातल्या बाळांसाठी प्रार्थना करतो आणि सोमवारी त्यांच्या आयांना रस्त्यावर काढतो. मग त्या डॉक्टरकडे जाणार नाहीत तर काय करतील? आपणच पाठवतोय त्यांना.’ पुढच्या वर्षी तू हेडमिस होणार होतीस. ते त्या वाक्याबरोबर गेलं आणि पुन्हा कधी आलं नाही.

तू स्टेलाला घरी नेलंस. मी घेऊन दिलेली डॉक्टरांची वेळ रद्द करायची राहिलीच होती, ती दोन दिवसांवर आली होती. तू तिला म्हणालीस, ‘मी तुझा हात धरून अडवणार नाही. मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे. राहिलीस तर ही खोली तुझी.’ ती राहिली. तुझ्या यजमानांनी वर्कशॉपमधून लाकूड आणून पाळणा केला आणि त्याचा एक पाय आखूड झाला म्हणून तू त्यांना वर्षभर चिडवलंस.

मी शनिवारी दुपारी यायला लागले. सरकारी शिक्षकांच्या निवड परीक्षेसाठी स्टेलाला गणित शिकवायचं म्हणून. एका मांडीवर बाळ, दुसरीवर वही, असं ती शिकली. अपूर्णांकात फार चुकायची. मी ओरडायचे, बाळ दचकून रडायचं, मग तू मला ओरडायचीस. काय दिवस होते गं! मला इतकं सुख कधी वाटलं नसेल आणि इतकी लाजही. स्टेलाला वाटायचं, शकूमिस किती चांगल्या. मी फक्त केलेलं भरून काढत होते.

ती पास झाली. कृष्णराजनगरजवळच्या शाळेत नेमणूक झाली. तिला बसमध्ये बसवून आपण दोघी स्टँडवर उभ्या होतो, बाळ खिडकीतून हात हलवत होतं, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, ‘ताई, हेडमिसना ते मी...’ तू म्हणालीस, ‘माहीत आहे मला. त्याच दिवशी कळलं.’ मी विचारलं, ‘तू माझं सांगितलं होतंस का?’ तू माझ्याकडे असं बघितलंस! म्हणालीस, ‘शकू, मी तुझ्यासाठी प्रार्थना केली ती देवापुढेसुद्धा नाव न घेता.’

माझं तू झाकलंस, आणि मी मात्र तिचं उघड्यावर टाकलं.

मी रडत विचारलं, स्टेलाला सांगू का. तू पदरानं माझं तोंड पुसलंस. म्हणालीस, ‘माझं जे नुकसान झालं ते मी माफ केलं. तिचं माफ करायचा हक्क मला नाही. ते तुमच्या दोघींचं.’ आणि मग तलकाडला सहल कधी न्यायची ते बोलायला लागलीस. तुझी ही सवय मला कधी आवडली नाही.

इथेच माझं भांडण आहे. इतकी वर्षं तू मला एकदाही का टोकलं नाहीस? अधिकाऱ्यांना बोललीस, समितीला बोललीस, मला मात्र नाही! दर नाताळात स्टेलाचं पत्र यायचं, तू मोठ्यानं वाचायचीस, ‘शकूमिसना नमस्कार’ इथे थांबायचीस आणि चष्म्यावरून बघायचीस. बस, एवढंच! मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आजारपणात तू मला विचारलंस, ‘कृष्णराजनगरला गेली होतीस का?’ मी म्हटलं, ‘गुडघे दुखतात.’ तू डोळे मिटलेस. झोप लागली असेल असं मी स्वतःला समजावलं.

तुझं सगळं मत मला आजही पटत नाही, हे तू वर ऐकून घे. माझ्या वेळी मी जे केलं ते पुन्हा केलं असतं, असं वाटतं. कधी कधी वाटत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये स्टेलाची ती लेक, त्या आखूड पायाच्या पाळण्यातली, औषधांच्या दुकानात काम करते म्हणे, आईच्या खांद्यावर शाल नीट करत होती तेव्हा वाटलं नाही. तुला हे ऐकायला आवडलं असतं, म्हणून लिहिलं.

काल मी स्टेलाला फोन केला. रविवारी येते म्हटलं. तिला काय आनंद झाला! ‘जेवायलाच या मिस, लेकीलाही थांबवते,’ म्हणाली. मी म्हटलं, लेकीला नको, मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. एकदा दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्यासमोर बोलून बसले, आता तसं करणार नाही. लेकीला काय सांगायचं ते तिची आई ठरवेल.

तर ताई, शब्द देते. गुडघ्यांना पट्टा बांधून सकाळच्या बसने जाईन. रागाच्या भरात झालं, गैरसमज झाला, असली सारवासारव करणार नाही. पान वाढायच्या आधी सांगेन. मग तिनं वाढलं तर जेवेन.

तुझी,
शकू