बरणीसह सहल

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

दिशाचा पुण्याहून फोन. मुलीने माझ्यासाठी गुरुवार ते शनिवार एक कॅम्परव्हॅन ठरवली आहे. म्हणजे जिच्यात झोपायचं, रांधायचं आणि बाकीचंही सगळं उरकायचं अशी गाडी. नगरचा किल्ला आणि घोडेगावचा जनावरांचा बाजार बघून यायचं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, पप्पा, आई जाऊन आठ महिने झाले, तुम्ही किराणा दुकानाच्या पुढे गेला नाहीत. हे खोटं आहे. दोनदा गिरणीत गेलो होतो.

बुकिंग रद्द होत नाही म्हणून जातो आहे. दुसरं कारण नाही.

एकटाच जाणार असं तिला कळवलं. तर म्हणे तुमचं लायसन संपून तीन वर्षं झाली, गाडी चालवायला मामा येतोय. मामा म्हणजे हिचा धाकटा भाऊ गहिनीनाथ, तिसगावचा. पूर्वी टेम्पो चालवायचा. अजूनही सगळं टेम्पोसारखंच चालवतो. बोलणंसुद्धा.

संकल्प: १) रोज पहाटे एक तास चालणे. २) बाहेरचं काही न खाणे. ३) गहिनीनाथाने हिचा विषय काढल्यास विषय बदलणे. मला काही झालेलं नाही हे एकदा लोकांना दिसू दे.

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी

बरणीचा प्रश्न.

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात आमच्याकडे वर्षभर लोणचं, पापड, कुरडया घालत नाहीत. दुसऱ्यांनी आणून द्यायचं. लोक देतात. शेजारच्या यामिनीताईंनी दिलेल्या लोणच्यात गूळ होता. शिसारी आली. स्वयंपाकाला येणाऱ्या भागूबाईला देऊन टाकलं. तिलाही आवडलं नाही, पण ती नेते.

हिने गेल्या मे महिन्यात कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. जूनमध्ये गेली. पहिली बरणी दिवाळीत संपली. दुसरी तशीच आहे. झाकणावरून पांढरं फडकं, त्यावर सुतळी, आणि तिने मारलेली गाठ. ती गाठ मला येत नाही. एकदा सोडली की परत बसायची नाही, आणि हवा लागून लोणचं बिघडेल. म्हणून सोडलेली नाही. निव्वळ व्यवहार आहे.

तीन दिवस घर भागूबाईच्या ताब्यात. ती परवा बरणीकडे बघून म्हणाली, साहेब, याला एकदा बघायला पाहिजे. मी म्हणालो, काही गरज नाही. तिची नजर मला आवडली नाही. बरणी बरोबर नेतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०

पहाटे चालणं झालं नाही. गाडीच्या तयारीत वेळ गेला. तयारी म्हणजे बरणीला टॉवेलात गुंडाळून बादलीत बसवणे.

गाडी आली. किळसवाणा प्रकार. शेगडी आणि संडास यांच्यात एक पडदा. पडद्यावर फुलं. संडास म्हणजे झाकणाची पेटी, तिच्यात निळं औषध. वास असा की जांभळाचं सरबत आणि फिनेल एकत्र केलंय. गादीवर कोणाचे तरी केस होते. लांब.

गहिनीनाथ म्हणाला, लई भारी गाडी हाय दाजी, आमच्या घरात एवढ्या सोयी न्हाईत. आणि चपलेसकट गादीवर बसला.

कराराचा कागद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. गाडीत धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाहीत. दोन्हींखाली पेनने रेघ मारली. तो म्हणाला, दाजी, आपल्याकडं कुठं प्राणी हाय? मी म्हणालो, नियम नियम असतो.

त्याच दिवशी, रात्री ९

किल्ला. आमच्या केडगावच्या घरापासून अर्ध्या तासाचा रस्ता. चौतीस वर्षं या शहरात नोकरी केली, आतून बघितलेला नाही. ही तीन वेळा म्हणाली होती. मी म्हणालो होतो, किल्ला कुठे जातोय.

जागा लष्कराकडे आहे, म्हणून फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं. गहिनीनाथाने खिशातून आधार कार्ड काढलं. मळकं, पण होतं. माझं घरी कपाटात, प्लास्टिकच्या पाकिटात, सुस्थितीत आहे. जवानाला मी समजावून सांगितलं की मी शाळेत हेडक्लार्क होतो आणि हजारो मुलांचे दाखले माझ्या सहीने गेले आहेत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. सोडलं नाही.

गहिनीनाथ म्हणाला, चला घरी जाऊन घेऊन येऊ, घर हितंच तर हाय. मी नको म्हणालो. पुन्हा घरी गेलो असतो तर परत निघालो नसतो. म्हणजे रस्त्याला वर्दळ होती.

तो आत गेला. मी गाडीत बरणीजवळ बसलो. बाहेरून तटबंदी दिसते, खंदक दिसतो. आत वेगळं काय असणार. किल्ला पाहिला असं धरायला हरकत नाही.

दीड तासाने परत आला. म्हणाला, लई मोठा किल्ला हाय दाजी, झाडं हायेत, सावली हाय. आक्काला आवडला असता. मी ताबडतोब विषय बदलला. टायरमधल्या हवेबद्दल विचारलं. संकल्प क्र. ३ पाळला.

रात्रीचा मुक्काम घोडेगाव रस्त्यावर एका ढाब्याच्या आवारात. शेवभाजी खाल्ली. बाहेरचं म्हणता येणार नाही, कारण गाडीत बसून खाल्ली. वर बोटभर तेल. गहिनीनाथाने बोटं चाटली, मग त्याच हाताने बादलीकडे बोट दाखवून म्हणाला, आक्काचं लोणचं हाय ना त्यात? एक फोड काढा की. मी म्हणालो, ते अजून मुरायचं आहे. तो म्हणाला, नऊ म्हयने झाले. मी म्हणालो, काही लोणची उशिरा मुरतात.  त्याने कांदा फोडून खाल्ला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १

चालणं नाही. गहिनीनाथाच्या घोरण्यामुळे झोप नाही.

घोडेगावचा बाजार. म्हशी, बैल, शेळ्या, शेण, मूत, धूळ, बिड्या, भजी. सगळ्याचा मिळून एक वास. रुमाल नाकाला लावला तर एक म्हैस माझ्याकडे बघायला लागली. माणसं जनावरांच्या तोंडात हात घालून दात बघतात आणि तोच हात धोतराला पुसून चहा घेतात. माझा चहा त्याच टपरीवरचा होता. निम्मा ओतला.

एकच चांगली गोष्ट झाली ती लिहून ठेवतो.

शेळ्यांच्या रांगेत गहिनीनाथाला त्याच्या ओळखीचे एक म्हातारे व्यापारी भेटले. भीमाआबा. गहिनीनाथाने ओळख करून दिली, हे आमचे दाजी, आमची आक्का गेली औंदा. आणि तो चुना मागायला पलीकडे गेला. भीमाआबा अरारा म्हणाले. जवळ आले. एका शेळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकून त्याच्याखाली माझा हात धरला.

आठ महिन्यांत पुष्कळांनी हात धरला. सगळे बोलतात. देवाची इच्छा, सुटली बिचारी, तुम्ही आता मन रमवा. हा माणूस एक शब्द बोलला नाही. उपरणंही मला समजलं. लोकांना दिसू नये म्हणून. त्यांनी माझी बोटं दाबली. मीही दाबली. ते थोडे थांबले, मग वेगळ्या तऱ्हेने दाबली. मी आणखी जोरात, चारही बोटं धरून दाबली. त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. धूळ फार होती.

मग ते हलकेच म्हणाले, जमलं. मीही म्हणालो, जमलं. त्यांनी माझ्या हातात शेळीचं दावं दिलं. मला वाटलं, जरा धरायला दिलंय.

त्याच दिवशी, ३ वाजता

मी शेळी विकत घेतली आहे.

गहिनीनाथाने सांगितलं. तो हसून हसून रस्त्यावर बसला होता, त्यामुळे सांगायला वेळ लागला. उपरण्याखाली भाव ठरतो. बोटं म्हणजे आकडे. शेजारच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून वर कापड. म्हणाला, दाजी, शेतकऱ्याच्या घरात जन्मून हे म्हाईत न्हाई व्हय? मी म्हणालो, मी शाळेत होतो. म्हणाला, आबा म्हणत्यात, चाळीस वर्षं बाजार करतोय, मागितल्यापरीस वर जाणारं गिऱ्हाईक आज बघितलं. आणि रडत रडत.

सौदा मोडता येईल का विचारलं. भीमाआबांना ते ऐकूनच वाईट वाटलं. म्हणाले, साहेब, हातात हात दिला हुता तुमी.  दिला होता हे खरं आहे.

पैसे दिले. किती ते लिहीत नाही. शेळी गाडीत. करारातल्या रेघेकडे मी बघितलं नाही, गहिनीनाथाने दोनदा दाखवली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

शेळीसाठी पाला आणायला दोघे खाली उतरलो. वीस मिनिटं. परत आलो तर शेळी गादीवर. पडद्यावरची फुलं खाल्लेली. बादली आडवी. शेळीच्या तोंडातून सुतळीचं टोक बाहेर लोंबत होतं. मी धरायला गेलो तर तिने ते आत ओढून घेतलं.

बरणी शाबूत. फडकं नाही. गाठ नाही.

 गहिनीनाथाने गाडीतलं शेण कागदाने उचललं, नंतर हात धुतले. साबणाने. पहिल्यांदाच बघितलं.

मी झाकणावर हात ठेवून बसलो. हवा लागू नये म्हणून.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

सहल एक दिवस आधीच संपवली असं म्हणता येईल, कारण काल रात्रीच घरी आलो आणि आजची सकाळ गाडी धुण्यातच गेली. गाडीवाल्याचा माणूस वास घेऊन म्हणाला, काका, कुत्रं होतं का? मी म्हणालो, नाही. खोटं बोललो नाही.

शेळी मागच्या अंगणात, तुळशीपासून लांब. पुढच्या शुक्रवारी घोडेगावला नेऊन विकणार. हात खिशात ठेवून विकणार. भागूबाई म्हणाली, गाभण दिसते साहेब.

गहिनीनाथ निघण्याआधी ओट्याजवळ आला. म्हणाला, दाजी, बघू का? मी झाकण काढू दिलं.

वर पांढरी बुरशी. जाड, सायीसारखी. तेल खाली गेलेलं.

मी म्हणालो, शेळीमुळे. तो म्हणाला, न्हाई दाजी. एका दिवसात एवढी येत न्हाई. आक्का पंधरा दिवसाला हलवायची, वरून तेल घालायची. बांधून ठिवल्यावर लोणचं कसं टिकंल? भागूबाई दारात उभी होती. मी बघायला पाहिजे म्हणलं हुतं, असं ती भिंतीकडे बघून म्हणाली.

गहिनीनाथाने कोरड्या चमच्याने वरचं सगळं काढलं. खालचं लालभडक निघालं. तेल कढवून गार करून ओतलं. अर्धी बरणी वाचली. एका वाटीत थोडं तिसगावला नेलं. मी नाही म्हणालो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

नवीन संकल्प: १) लोणचं दर पंधरा दिवसांनी हलवणे. २) आधार कार्ड कायम खिशात ठेवणे.

भाकरी, पिठलं, लोणचं. पहिली फोड खाल्ली आणि तोंड वाकडं झालं. मीठ जास्त. दरवर्षी जास्त असतं, आणि दरवर्षी पहिल्या घासाला मी सांगतो. ती दरवर्षी आतून म्हणायची, मग नका खाऊ.

आजही सांगितलं. जरा मोठ्याने, आतपर्यंत जाईल असं. मीठ जास्त झालंय.

अंगणात शेळी ओरडली.

अजून एक फोड घेतली.