खडूच्या चार खुणा

प्रिय डर्वला,

नाही, येणार नाही. आणि बसचं तिकीटबिकीट पाठवू नकोस, मी चुलीत घालेन. डब्लिनला येऊन मी करू काय? चांगले बूट एकच, ते माझ्या जर्लाथच्या मातीला घातले होते तेव्हापासून चावतात. कोंबड्यांकडे कोण बघणार? शेजारची कॉन्सेप्टा म्हणते, मी बघते. पण गेल्या खेपेला तिच्या हातचे दाणे खाऊन बिचाऱ्यांनी अंडीच द्यायची सोडली. कोंबडी झाली म्हणून काय, तिलाही आवडनिवड असते.

तुझ्या प्रदर्शनात माझं चित्र मोठ्या भिंतीवर मधोमध लावलंय म्हणतेस. बघा गं बाई! पॅडन खाटकाची पोर तू. मी मटण घ्यायला यायचे तेव्हा बापाच्या गल्ल्यामागे बसून बांधायच्या कागदावर गिऱ्हाइकांची तोंडं काढायचीस. माझं नाक तेव्हाच लांब काढलं होतंस. तुझा बाप म्हणायचा, "पोरी, हे बघून गिऱ्हाईक पळेल." मग तू शिकायला गेलीस आणि गावात बातमी आली की पॅडनची पोर नागडी माणसं समोर बसवून रंगवते. फादर गंभीर झाले, कॉन्सेप्टाने छातीवर क्रूस काढला, मी एवढंच विचारलं, त्या माणसांना थंडी नाही का वाजत? तुझी आई गेली तशी तू गावात परत आलीस, आणि इथल्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात बसवून रंगवायला लागलीस. माझ्याकडे आलीस आणि आल्या आल्या म्हणालीस, "स्वेटर अंगातच राहू दे, फिलो." खरं सांगू? अपमानच वाटला मला.

चित्रासाठी दर बुधवारी बसवून काय छळलंस गं तू मला! सोडा ब्रेडचे तुकडे चापायचीस, वर माझ्याच घरात मला दटावायचीस. "हनुवटी वर. एवढी नको. आता तोंड बंद." तोंड बंद! जर्लाथला सगळ्या संसारात जे जमलं नाही ते तू एका सकाळी करून दाखवलंस. मी म्हटलं, अगं एक फोटो काढ, घरी जा, आणि बस रंगवत. तर म्हणालीस, "फोटो एकदाच बघतो, फिलो. मला पुन्हा पुन्हा बघायचंय."

आणि एवढं बघून झाल्यावर, उजेड उतरला की पातं घेऊन चित्रातला माझा चेहरा खरवडून काढायचीस! नुसता स्वेटर उरायचा, वर काही नाही. "आज तू यात आलीच नाहीस," म्हणायचीस. मेले, मी पाठीचा कणा मोडेस्तोवर इथेच बसले होते की! रंग पुसायला फडकं मागितलंस तेव्हा मी जर्लाथचे शर्ट फाडून दिले. मग काय, दर बुधवारी माझं तोंड त्याच्या शर्टाला. जिवंतपणी इतकं लाडात कधी आला नव्हता तो. वाईट नव्हता हं. भला माणूस. बघायचा तो आभाळाकडे, गवताकडे, आणि जेवताना बटाट्याकडे.

बरं, इकडची बातमी. यंदा घरच्या मिस्सेची पाळी माझ्याकडे आलीय, फादर नि सगळा शेजार प्रार्थनेला माझ्या स्वयंपाकघरात. म्हणजे भिंतींना चुना, खिडक्यांना रंग, आणि फादर कधी उघडणार नाहीत ती कपाटंसुद्धा आतून पुसायची. कॉन्सेप्टा बादली, ब्रश घेऊन आली, गुडघे टेकून बसली, तू मला बसवायचीस ती खुर्ची सरकवली, तर खाली तू फरशीवर खडूने केलेल्या चार खुणा. खुर्ची दर बुधवारी त्याच जागी यावी म्हणून तिच्या पायांभोवती काढल्या होत्यास ना, त्याच. ती म्हणते, "अगं बया, टीव्हीवर मुडदा पडला की पोलीस असंच आखतात. इथे कोण मेलं?"

मी म्हटलं, "तू मरशील, तिथे ओला ब्रश लावलास तर."

ती फिदीफिदी हसली. मी हसले नाही. मग तिने ब्रश बादलीत टाकला. "चित्र तर झालं ना गं?"

"झालं."

"मग?"

"मग चहा घे," म्हटलं.

आता अख्खी फरशी लखलखतेय आणि खिडकीशी एक मळका तुकडा. मिस्सेला तिथे खुर्ची ठेवून मीच बसणार आहे. सगळे गुडघे टेकोत, मी उठायची नाही. दुखऱ्या गुडघ्याचं नाव सांगेन. देवाला खरं माहीत आहे, फादरना कळायचं कारण नाही.

हे एवढं सगळं कोंबड्यांचं नि बुटांचं पुराण लावलंय, तुलाही कळलं असेल की काहीतरी गिळतेय. शेवटच्या बुधवारी तू ब्रश खाली ठेवलास आणि म्हणालीस, "झालं, फिलो. ही तूच." मी म्हटलं, सुटले बाई, माझी पाठ मला परत मिळाली. तू हसलीस, चित्र गाडीत घातलंस. मी खिडकीतून हात केला. पण बुधवारी अजून मी चहा झाला की केस विंचरते, खुणांवर बरोबर खुर्ची बसवते, उजेड डाव्या गालावर घेते आणि हनुवटी वर करून बसते. तोंड बंद. समोर कुणी नसतं. तिकडे तुझ्या डब्लिनात माणसं येतील, माझ्या चित्रासमोर उभी राहतील, मान तिरकी करून बघतील, आणि मी शेजारीच उभी असेन, तर "जरा सरकता का आजी" म्हणतील. म्हणून येत नाही. मला ते चित्र पुरं व्हायलाच नको होतं, डर्वला. जर्लाथ गेल्यापासून, नव्हे, त्याच्या आधीपासूनच, तुझ्याशिवाय माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. खरवडून काढ तो चेहरा आणि ये.

तुझीच, त्याच खुर्चीतली,
फिलोमिना