दुसरी पुडी

प्रिय धाकटे,

आधी टिल्लीचं सांगते, म्हणजे पुढचं तू जिवाला घोर न लावता वाचशील. पोरगी माझ्याकडे मजेत आहे असं लिहिणार होते, पण मजेत नाही, ठीक आहे. दोन्ही वेळा जेवते, सांगितल्याशिवाय अभ्यासाला बसते, आणि सगळं पांघरूण स्वतःकडे ओढून झोपते, अगदी तुझ्यासारखी. नावाची टिल्ली, पाय मात्र आता माझ्या पलंगाच्या बाहेर जातात. तुझ्या नवऱ्याला मी फोनवर सांगितलं की शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तयारीसाठी ती थोडे दिवस मावशीकडे राहील. तो म्हणाला, ठीक आहे ताई. फोनवर तो मला इतक्या गोड आवाजात ताई म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, काय गुणाचा मेव्हणा मिळालाय हिला. प्रदर्शन वगैरे काहीही नाही. मी थाप मारली आणि मला त्याचं जराही वाईट वाटलेलं नाही.

हे पत्र तुझ्या दुकानातल्या मैत्रिणीच्या हातून देते आहे. तुझा फोन तो बघतो हे तू मला कधी सांगितलं नाहीस, पण तुझी उत्तरं हल्ली कुणी तरी तपासून पाठवल्यासारखी येतात. मी स्वतः आत येऊन सांगू शकले असते. पण समोरासमोर तू माझं बोलणं पुरं होऊ देत नाहीस. ‘ताई, तू विज्ञान शिकव, संसार मला शिकवू नकोस,’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कागदाला मधेच गप्प करता येत नाही, म्हणून कागद. गिऱ्हाईक मैत्रिणीवर सोपव, औषधांच्या कपाटामागे जा, तिथल्या खोक्यावर बस आणि शेवटपर्यंत वाच.

यंदा नववीच्या वर्गाला मी गुन्ह्याचा तपास कसा करतात ते शिकवायला घेतलं. पानांना अन्न कसं तयार करता येतं हे सांगताना जांभया देणारी पोरं या तासाला घंटेच्या आधी प्रयोगशाळेच्या दारात उभी असतात. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून बिस्किटांचा डबा चोरीला गेला असं नाटक आम्ही रचलं. खिडकीखालच्या ओल्या मातीत बुटाचा ठसा होता, त्याचा साचा पोरांनी प्लास्टरमध्ये घेतला. डब्याच्या झाकणावर पावडर भुरभुरून बोटांचे ठसे उचलले. चिठ्ठीवरची शाई कुठल्या पेनातली ते पाण्यात टिपकागद उभा करून शोधलं. चोर निघाले खेळाचे सर, आणि त्यांना पकडलं तेव्हा पोरांनी एवढा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई भांडायला आल्या. टिल्लीही हसली होती त्या दिवशी. मी मुद्दाम बघितलं, कारण ती वर्गात हसल्याला बराच काळ झाला होता.

मग केसांचा धडा आला. केस आपोआप गळतो तेव्हा त्याचं मूळ वाळलेलं असतं, लहानशा गाठीसारखं गोल. जोरानं उपटलेल्या केसाचं मूळ लांबट आणि मऊ असतं आणि त्याला आतल्या कातडीचा पापुद्रा चिकटून येतो. हे दाखवायला मी वर्गासमोर स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तासाला मी त्यांना घरातल्या दोन माणसांचे केस आणायला सांगितले, कंगव्यात अडकलेले, वेगवेगळ्या कागदी पुड्यांत. पुड्यांवर नाव लिहायचं नाही, आपल्याला ओळखू येईल एवढी खूण करायची, म्हणजे दुसऱ्या गटाला तपासताना आधीच काही माहीत नसेल. पोरांनी काय काय आणलं म्हणून सांगू. एकाचे आजोबा टकले, त्यांनी नातवाला दोन केस दिले आणि परत आणून दे म्हणाले. एकीनं कुत्र्याचे आणले आणि शेवटपर्यंत ते काकांचे आहेत असं सांगत राहिली.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकिलीणबाई म्हणतात. बोलायला लागली की समोरचा शरण येतो. तिच्या गटाकडे एक पुडी गेली आणि थोड्या वेळानं ती तिथूनच म्हणाली, बाई, कुणी तरी तुमचं ऐकलेलं नाही, हे केस कंगव्यातले नाहीत. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकूण एक मूळ लांबट, एकूण एक मुळाला पापुद्रा. मी पुडीत उरलेली बट उजेडात धरली. टोकाकडे तो तपकिरी रंग, जो तू आपल्याच दुकानातून सवलतीत घेतेस, आणि मुळाशी पांढरं. तोच जाडपणा, तोच मधेच येणारा वाक. शाळेत जायच्या आधी तुझ्या वेण्या मी घालत असे, गुंता सोडवताना तू ठोकलेली बोंब अख्ख्या आळीला ऐकू जायची. तुझा केस मला भिंगाशिवाय ओळखता येतो.

आणि वर्ग तर्क करत सुटला ना धाकटे. त्यांना काय माहीत, त्यांच्यासाठी तो बिस्किटांच्या डब्यासारखाच खेळ होता. कुणी म्हणालं, मारामारी झालीय. कुणी म्हणालं, यंत्रात अडकले असतील. मी बाई आहे, मला तिथं उभं राहून शिकवत राहावं लागलं. मी सांगितलं की केस ओढला गेला एवढंच मूळ सांगतं, कुणी ओढला ते सांगत नाही. त्यावर वकिलीणबाई म्हणाली, पण बाई, घरात अशी माणसं असतात किती? सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून टिल्लीनं हात वर केला. शाळेत ती मलाही बाईच म्हणते. तिनं विचारलं, “बाई, ओढणाऱ्याच्या हातावर काही राहतं का?” मी म्हटलं, हात धुतले नाहीत तर राहतं. तिनं जरा विचार केला. “म्हणजे नाही राहत,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मला हे नवीन होतं असं मी म्हणणार नाही. कपाटाचं दार लागलं, जिन्यात पाय सटकला, बाटल्यांचं खोकं हातावर पडलं, तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत. प्रत्येक वेळी मी म्हटलं, चल माझ्याकडे, आणि प्रत्येक वेळी तू एकच सांगितलंस: माझ्यावर चिडतो तो, पण लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपतो. तिच्या डोक्यावर बापाचं छप्पर आहे, तिचं शिक्षण होऊ दे, मग बघू. मी तुझ्यावर चिडायचे, घरी येऊन भांडी आपटायचे, पण त्या एका गोष्टीपुढे माझं काही चालत नव्हतं. कारण ते मलाही खरं वाटत होतं. तो तिला शाळेत सोडायला येतो, फाटकापाशी तिचं दप्तर नीट करतो. बाकीच्या बाया मला म्हणतात, भाचीचे वडील किती प्रेमळ आहेत. तू इतकी वर्षं जे सोसलंस ते लेकीसाठी, आणि लेक सुखरूप आहे, या हिशेबावर तू उभी आहेस. तो हिशेब मोडायला माझी जीभ वळत नव्हती. म्हणून मी इतका वेळ पोरांच्या गमती सांगत बसले. आता सांगते.

टिल्लीनं दोन पुड्या आणल्या होत्या. सगळ्यांनीच दोन आणल्या होत्या. तीच खूण असलेली दुसरी त्या तासाला उघडली गेली नाही, माझ्या टेबलावर राहिली. शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि ती उघडली. मला वाटलं, तुझेच असतील, आधीच्या कुठल्या वेळचे. पण त्या केसांना रंग नव्हता. मुळापासून टोकापर्यंत काळेभोर, लांब, पातळ. मी बट भिंगाखाली घेतली आणि बघून झाल्यावर पुन्हा बघितली. दुसरी बट घेतली. मी मुलांना सांगते, हवं तेच दिसत नाही ना याची खात्री करा. मला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तसं एकही गोल मूळ दिसत नव्हतं.

मी टिल्लीला घरी आणलं. काही विचारलं नाही, दूध दिलं. तिनं ते पिऊन कप विसळून ठेवला, माझ्याकडे पाठ करून बसली आणि डाव्या कानामागचे केस वर उचलले. तिथं केस नाहीत धाकटे. माझा तळवा ठेवला तर जेमतेम झाकेल एवढ्या जागेत नुसती कातडी आहे, कुठं नवे खुंट आलेत, कुठं अजून खपली आहे. तू मागे माझ्यापाशी कुरकुर केली होतीस ना, की पोरगी हल्ली वेणी घालून घेत नाही, तेल लावू देत नाही, डोक्याला हात लावू देत नाही, मोठी झाली, शिष्ट झाली. तू बघू नयेस म्हणून ती शिष्ट झाली होती. तू दुकानात असतेस आणि तो लवकर घरी येतो त्या दिवसांत हे होतं. केर तू यायच्या आधी ती काढते. तुझे केस ती दाराच्या मागून उचलायची, स्वतःचे न्हाणीघरातून. मी आधी शिकवलेलं तिनं नीट ऐकलं होतं, कुठली पुडी काय सांगणार हे तिला माहीत होतं. तोंडानं सांगवत नव्हतं म्हणून तिनं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

मी तिला विचारलं, आईला का नाही सांगितलंस? तिचं उत्तर मी जसंच्या तसं लिहिते. “आईला कळलं तर ती मधे पडेल. मग तिला जास्त लागेल.” एवढं सांगून तिनं मला शपथ घातली की तुला कळू द्यायचं नाही. तू तिच्यासाठी गप्प, ती तुझ्यासाठी गप्प, आणि त्या घरात तुम्ही दोघी एकमेकींपासून केस लपवत होतात. मी मावशी म्हणून शपथ घेतली आणि मावशी म्हणूनच मोडते आहे. मला तुझा राग येतो. खूप येतो. आणि ती बट हातात घेतली तेव्हापासून तुला उराशी धरावं असंही वाटतंय. दोन्ही खरं आहे, त्यातलं कमी कुठलंच नाही.

आता हे पत्र आजच का, ते. शाळेतल्या एखाद्या मुलाला घरी मारहाण होते असं दिसलं तर गप्प बसायची मुभा मला नाही, आणि असती तरी मी बसले नसते. काल मुख्याध्यापिकाबाईंबरोबर जाऊन मी बालसंरक्षण कार्यालयात तक्रार लिहून दिली. टिल्लीनं तिथल्या बाईंना सगळं स्वतः सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी तिचं डोकं तपासलं. उद्या सकाळी ते लोक पोलिसांना घेऊन तुमच्या दारात येतील. दार तो उघडेल. तो त्यांच्याशीही गोड बोलेल, बसा म्हणेल, चहा टाक म्हणून तुला आत हाक मारेल. तेव्हा ती हाक ऐकायला तू त्या घरात नसावीस, एवढ्यासाठी हे लिहिलंय. घरी जाऊ नकोस. कपडे, कागदपत्रं, तिची पुस्तकं, कशासाठीही जाऊ नकोस. अंगावर आहे तशी, त्यानं न्यायला यायच्या आधी, दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर ये. निघताना टिल्लीला सांगितलं की तिची शपथ मी मोडली आहे. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, आई येईल का? तिच्याशी मी आता खोटं बोलू शकत नव्हते. म्हटलं, माहीत नाही.

मागच्या गल्लीत, गाडीत टिल्लीला शेजारी घेऊन थांबलेली,
तुझीच
ताई