पिशवी उलटी करा

३ फेब्रुवारी, सोमवार

चार नंबरच्या पेशंटच्या पिशवीतून आज औषधांचे एकवीस प्रकार निघाले. एकवीस! मी मोजले, डॉक्टरांनी मोजले, शेवटी त्याच्या बायकोने मोजले आणि ती खालीच बसली.

माझा नियम सोपा आहे. कोणी भरती झालं की आधी पिशवी पलंगावर उलटी करायची. गोळ्या, पुड्या, थेंब, तेलं, शेजारणीने प्रेमाने दिलेलं काहीबाही, सगळं. "घरी काय घेता?" असं विचारून उपयोग नाही. सगळे एकच सांगतात, "काही नाही हो, एक बीपीची गोळी." या चार नंबरकडे दुखण्याची एकच गोळी तीन नावांनी होती, तीन डॉक्टरांनी दिलेली, आणि हा गृहस्थ तिन्ही इमानेइतबारे खात होता. वर बीपीसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ! त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं, आणि त्याची बीपीची गोळीही अंगात पोटॅशियमच साठवते; ते फार वाढलं की हृदयच बंद पडतं. "सिस्टर, मीठ पण औषधात धरायचं?" म्हणे. मी म्हटलं, तुमच्या बाबतीत मारेकऱ्यांत धरू या.

आज वॉर्डात एक नवी पोरगी रुजू झाली. सकाळपासून तिने मला सव्वीस प्रश्न विचारले. मी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं. दुपारपर्यंत आख्खा वॉर्ड तेच म्हणायला लागला, चहावाल्यासकट.

सात नंबरला घड्याळवाले आजोबा आलेत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आता पायांना सूज आणि दम. त्यांची पिशवी उलटी करायला मन होईना — घड्याळाच्या सुट्या भागांच्या डब्यांत गोळ्या, प्रत्येक डबीवर वेळ. मी त्यांच्या प्रेमातच पडले. आजी म्हणाल्या, "घरीसुद्धा असंच. मी दोन मिनिटं उशिरा जेवायला वाढलं की माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघतात."

रक्ताची तपासणी २.८. उत्तम. अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवं. खाली गेलं तर झडपेवर गुठळी, वर गेलं तर कुठूनही रक्त.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रश्नपत्रिका आज राउंडच्या वेळी, सगळ्यांसमोर: "सिस्टर, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र दिली तर चालते का?"

मी म्हटलं, "चालते की. दोघी हातात हात घालून पोटातून जशा येतात तशा निघून जातात." सगळे हसले. मग सांगितलं तिला नीट — कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अंगात शिरूच देत नाही, दोघींत चार तासांचं अंतर हवं. तिने ते वहीत लिहून घेतलं. कान लाल झाले होते. प्रश्न खरं तर चांगला होता. पण ती विचारते कशी — वर्गात उभं राहून विचारावं तशी! मी चहाच्या वेळी तिची नक्कल केली. इतकी हुबेहूब जमली की मेट्रनबाईंना ठसका लागला.

चहा आज बेचव होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजोबांचा आकडा ४.३. दीड अंकाने वर, आणि डोस तोच. चष्मेवाले डॉक्टर म्हणाले, प्रयोगशाळेची चूक असेल, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलं. ४.३. डोस कमी केला.

मी चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. नवं अँटिबायोटिक नाही, दुखण्याची गोळी नाही, बुरशीची गोळी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीशी ज्यांचं म्हणून भांडण आहे, त्यांतलं कोणीच नाही.

म्हणजे बाहेरून काहीतरी येतंय. मला अशा वेळी भारी हुरूप येतो, खोटं कशाला बोलू.

प्रश्नपत्रिकेने आज एकही प्रश्न विचारला नाही. सुधारतेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

५.६. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. दंडावर काळानिळा डाग, रक्तदाबाचा पट्टा आवळला तेवढ्यावरून. डॉक्टरांनी ती गोळी आजपासून बंदच लिहिली.

पण चोर सापडला! आजींची पिशवी. मी म्हटलं, आजी, जरा उलटी करू का? त्या म्हणाल्या, "माझी? मी कुठे आजारी आहे?" मी केलीच. रुमाल, विणकाम, चष्म्याचं घर, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काढ्याची बाटली. गुडघ्यांसाठी त्या स्वतः घेतात. नुसता लसूण आणि पाला, पण लसूणही रक्त पातळ करतो. "यांना दिलात?" आधी नाही म्हणाल्या. मग पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "बुधवारी दिला. दोनच चमचे. पायाची सूज उतरेल म्हटलं."

मी बाटली जप्त केली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. दोन चमच्यांनी माणूस रक्ताच्या थारोळ्यात जाऊ शकतो, हे जरा रंगवूनच सांगितलं. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं साभिनय सांगितलं. तो म्हणाला, "त्या म्हातारीचं काय झालं मग?" मी म्हटलं, काय व्हायचंय!

८ फेब्रुवारी, शनिवार

७.४. काढा बंद, गोळी बंद, आणि आकडा वर!

सकाळी अकराला आजोबांच्या नाकातून रक्त आलं. वीस मिनिटं थांबेना. मी नाक चिमटीत धरून बसले होते आणि ते माझ्या दुसऱ्या हाताचं मनगट वळवून घड्याळ बघत होते. "अठरा मिनिटं झाली, सिस्टर," म्हणाले. मला हसू आलं नाही. मोठे डॉक्टर आले. व्हिटॅमिन के अगदी थोडंसं दिलं. जास्त दिलं तर रक्त घट्ट होईल, झडपेवर गुठळी बसेल. इकडे आड तिकडे विहीर.

मग चष्मेवाले डॉक्टर प्रश्नपत्रिकेकडे वळले. संध्याकाळच्या गोळ्या तीच देते. "बंद लिहिलेलं वाचलं होतंस ना? की दिलीस काल?" ती म्हणाली, "नाही दिली, सर." "मग आकडा कसा वाढला?" मी गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. तसं सांगितलंही डॉक्टरांना. पण ते म्हणाले, मोजणी जुळवता येते. सोमवारपर्यंत तिला गोळ्यांच्या ट्रॉलीला हात लावायची मनाई.

ती कपाटाशी उभी राहून पट्ट्या गुंडाळत होती. गुंडाळलेल्याच पुन्हा उलगडून गुंडाळत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती, तरी गेले. राहवेना. आकडा ६.९. म्हणावा तसा उतरत नाहीये.

आजोबांच्या पलंगाशी स्टूल ओढलं. म्हटलं, आजोबा, तुम्ही घड्याळवाले. सकाळी डोळे उघडल्यापासून तोंडात काय काय गेलं, ते मिनिटामिनिटाने सांगा. पाणीसुद्धा सोडू नका.

ते खूश झाले. कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं. "सहा वाजता गरम पाणी, एक पेला. सहा दहाला कवळी घातली. त्याच्या आधी, सहा पाचला, ट्यूब लावली."

"कसली ट्यूब?"

"तुमचीच की."

उशीखालून काढली. तोंडातल्या बुरशीवरची जेल. निम्म्याहून जास्त संपलेली. मंगळवारी ते म्हणाले होते, कवळीखाली झोंबतंय. मी तोंड बघितलं, पांढरे चट्टे होते. मागच्या आठवड्यात घरी गेलेल्या कोणाची तरी ट्यूब माझ्या एप्रनच्या खिशात होती. काढून दिली. चार वेळा लावा म्हटलं.

"मी पाचवी वेळ आपणहून वाढवली," ते म्हणाले. "एकदाही चुकवली नाही."

घरी येऊन ट्यूबच्या खोक्यातला कागद शोधला. खोकंसुद्धा माझ्याच खिशात होतं. बारीक अक्षरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर वापरू नये, रक्तस्राव होऊ शकतो — दुसऱ्याच ओळीत. गोळी असती तर मी झोपेतही अडवली असती. पण आमच्याकडे गिळायचं ते औषध, लावायचं ते मलम. मलम कोणी चार्टवर चढवत नाही. आणि हे तर थुंकीबरोबर रोज पोटात जात होतं!

या वहीची मागची पानं चाळली. मंगळवार. चहा बेचव होता, हे लिहिलंय. ट्यूब दिली, हे कुठेच नाही.

ट्यूब आता माझ्या पर्समध्ये आहे. कोणाला माहीत नाही. आजोबांना मी सांगितलं, चट्टे उतरत आले, आता बास.

१० फेब्रुवारी, सोमवार

४.१. उतरला.

चष्मेवाले डॉक्टर राउंडला म्हणाले, "शेवटी काढाच निघाला. अंगात राहिला होता, उतरायला वेळ लागला. सिस्टर, तुम्ही बाटली पकडलीत म्हणून." मेट्रनबाई म्हणाल्या, गुरुवारी सगळ्या वॉर्डांच्या नर्सेससमोर बोला. विषय: पिशवी उलटी करा. टाळ्या पडल्या. मी हसले. हसले मी! इतकं सोपं होतं.

प्रश्नपत्रिकेला ट्रॉली परत मिळाली. डॉक्टरांनी तिला "ठीक आहे" एवढंच म्हटलं.

दुपारी आजी दिसल्या नाहीत. पलंगाशी नाही, बाहेरच्या बाकावर नाही. जिन्याखाली सापडल्या. आत येत नाहीत. "माझ्या हाताने गेले असते ते," म्हणाल्या. "पन्नास वर्षं सांभाळलं आणि दोन चमच्यांत..." त्यांनी शुक्रवारपासून नवऱ्याला पाण्याचा पेलासुद्धा दिलेला नाही. हात लावायची भीती वाटते म्हणे.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "आजी, होईल सगळं ठीक." आणि उठून आले. बावीस वर्षं नोकरी झाली माझी. मला माझी लाज वाटते आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

आधी आजींना. जिन्याखालीच. ट्यूब हातात दिली आणि सगळं सांगितलं, मागच्या मंगळवारपासूनचं. त्यांनी ट्यूब उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही, आजी. काढा द्यायला नको होता, ते खरंच. पण हे तुमच्यामुळे नाही."

"मग शुक्रवारी सगळ्यांदेखत बोललात, तेवढ्याच मोठ्याने आता आत येऊन सांगा."

गेले. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून सांगितलं. चार नंबर उठून बसला. आजोबा म्हणाले, "म्हणजे पाचवी वेळ वाढवायला नको होती." आजींनी त्यांना पेला भरून पाणी दिलं आणि वर चार शब्द सुनावले.

मग मेट्रनबाईंकडे जाऊन झाल्या चुकीचा अर्ज भरला. "काय दिलं? कोणी दिलं? नोंद का नाही?" तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "कारण मी स्वतःला तपासलं नाही." मेट्रनबाई म्हणाल्या, असं नाही लिहायचं, नीट कारण लिहा. मी म्हटलं, हेच नीट आहे. चष्मेवाले डॉक्टर चष्मा पुसत राहिले. म्हणाले, जेल माझ्याही डोक्यात आली नसती. मग आपणहून प्रश्नपत्रिकेकडे गेले आणि माफी मागितली. तो माणूस मला एकदम उंच वाटला.

पुढे काय शिक्षा व्हायची ती होईल. भाषण मात्र रद्द नाही, म्हणे. आता तर हवंच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आकडा २.९. गोळी पुन्हा सुरू, अर्ध्या डोसाने. आजोबांची कवळी पाण्यात, चट्टे दुसऱ्या औषधाने उतरताहेत. ते औषध चार्टवर आहे. मी दोनदा बघितलं.

भाषणात मी एकच गोष्ट केली. चाळीस जणी समोर. म्हटलं, आज पेशंटच्या पिशव्या राहू द्या. एप्रनचे खिसे टेबलावर उलटे करा.

काय काय निघालं! डोळ्यांचे थेंब, नाकातले थेंब, आम्लपित्ताच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, सुटी मलमं, नाव नसलेल्या अर्ध्या पट्ट्या. हसून हसून पुरेवाट. मेट्रनबाईंच्या पर्समधून दुखण्याच्या गोळ्यांची आख्खी पट्टी. "माझ्या स्वतःच्या आहेत," म्हणाल्या. मी म्हटलं, चार नंबरही हेच म्हणत होता.

मग जरा गंभीर झाले. गिळलेलं, लावलेलं, हुंगलेलं, थेंब टाकलेलं — नोंद सगळ्याची. आकडा हलला की आधी विचारायचं, नवं काय आलं. आणि ते आपणच तर दिलं नाही ना, हे सगळ्यात आधी. शंका आली की तिथल्या तिथे बोलायचं. खूप टाळ्या पडल्या. फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ड्यूटी संपताना ती नवी पोरगी माझ्या टेबलाशी आली. ट्यूब तिने मागच्या आठवड्यात, बुधवारीच बघितली होती, म्हणाली. आजोबांच्या उशीखाली. घरी जाऊन पुस्तकात शोधलंही होतं, पान दुमडून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "अगं, मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही हसला असतात, सिस्टर."