नाकापासून बोटभर

राऊ, इंदूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मधुताईस,
उन्मेषचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, मी चिडतो आणि दोघांचंही निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून दादांनी लावलेल्या सवयीप्रमाणे कामाचं ते कागदावर.

तुझी लेक बरी आहे, शर्वरीची काळजी करू नकोस. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, पण उजव्या हातानं पोहे व्यवस्थित खाते. तिची मामी, रमा, त्यावर शेव जरा जास्तच घालते.

झालं असं. शुक्रवारी सांवेर रोडला तिच्या कंपनीची बस चुकली. म्हणून ती गेटच्या थोडं पुढे ऑटोसाठी उभी होती. एका माणसानं तिचा हात धरून ओढलं. हिनं हात सोडवला, पाय रोवले आणि सरळ नाकावर ठोसा मारला, अगदी मी शिकवला तसा. तो ठोसा नाकापासून बोटभर अलीकडे थांबला.

ताई, तिनं थांबवला नाही, तो आपोआप थांबला. माझ्या कराटेच्या क्लासमध्ये तो नेहमी तिथंच थांबत आलाय. कुणाला लागलं तर मान झुकवून सॉरी म्हणायचं आणि खाली बसायचं, हा आमचा नियम. या कंट्रोलसाठीच तिला मेडल मिळालं, जे तू खंडव्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेस. तर त्या माणसासमोरही सवयीनं हिच्या तोंडून सॉरी निघालं. तो हसला आणि त्यानं हिला ढकलून दिलं. पडताना मनगट गेलं. गार्ड धावत आला तसा तो पळाला. पोलीस थाण्यात रिपोर्ट लिहिली आहे.

मनगटाचं ती काही बोलत नाही. आपण त्याला सॉरी म्हटलं, एवढंच परत परत सांगते.

हवं तेवढं रागव, पण लोभ मात्र तोडू नकोस.

तुझा
उन्मेष


खंडवा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. उन्मेषला,
मधुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढे रागावायचं आहे, म्हणून आशीर्वाद आधी उरकून घेतले.

तुझे ते गुरू खरोखरचं मारायचे. तुझा जबडा बांधून घरी आणला होता आणि महिनाभर तुला वरणाचं पाणी मी चमच्यानं पाजलंय. माझ्या पोरीच्या बाबतीत तो प्रकार मला नको होता. तिच्या तोंडावर ओरखडा दिसला तर गाठ माझ्याशी आहे, असं तुला बजावलं होतं. तू ऐकलंस आणि आता हे! म्हणजे मारायला शिकवलं तरी हाडं मोडतात आणि थांबायला शिकवलं तरी मोडतात. मग शिकवता तरी कशाला, भल्या माणसा?

प्लास्टर निघालं, हात बरा झाला की तिला घेऊन ये. नोकरी इथंही बघता येईल. हे ठरलंय. रमाला मध्ये घालू नकोस, तिचं मी ऐकते हे तुला माहीत आहे.

पोरीला तूप वाढत जा. लोभ आहे तिथंच आहे, सध्या फक्त अबोला धरून बसलाय.

मधुताई


राऊ, इंदूर
१९ जानेवारी २०२५

ती. मधुताईस,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, तरी तिला आणलं नाही, कारण तिला यायचं नाही. आत्ता गेले तर त्या माणसाला भिऊन गेले असं कायम वाटत राहील, असं ती म्हणते. कामावर जाते. सोडायला-आणायला मी असतो. पण हे असं किती दिवस चालणार?

म्हणून मी एक केलं. जुन्या इंदुरातल्या गादीवाल्याकडून कापूस भरलेला जाड कोट शिवून घेतला आणि जाळीचं हेल्मेट आणलं. पोरांचे आपसातले ठोसे अजूनही बोटभर अलीकडेच थांबतात, जबड्याची आठवण मलाही आहे. पण रविवारी मी हा कोट चढवून अंगावर धावून जातो आणि प्रत्येकानं मला खरंखुरं मारायचं. थांबणंही आलं पाहिजे आणि न थांबणंही.

चिल्लीपिल्ली माझ्यावरचा सगळा राग काढून घेतात. फक्त शर्वरीचा हात जाळीशी येऊन थांबतो. वर सॉरी.

शेवटी तिला खोदून विचारलं. घरातून निघताना दर वेळी तू सांगतेस ना, कुणाला लागू देऊ नकोस गं, तेच ऐन वेळी कानात येतं म्हणे. माझ्या सांगण्यानं ते पुसलं जाणार नाही. तूच लिही तिला. मग दोन रविवार बघतो. तरीही जमलं नाही, तर मी स्वतः तिला खंडव्याला आणून सोडतो.

अबोला संपला असेल तर उत्तर धाड.

उन्मेष


खंडवा
२५ जानेवारी २०२५

चि. शर्वरीस,
आईचे अ. उ. आ.

कुणाला लागू देऊ नकोस, असं मी म्हणते ते आपल्या माणसांसाठी. तुझ्या मनाविरुद्ध तुझ्या अंगाला हात लावेल तो आपला माणूस नव्हे. त्याला लागू दे, चांगलं लागू दे. आणि त्याची माफी मागायची नाही.

कोट अंगात आहे तोवर मामा मामा नाही. कोट काढला की मामा.

भीती वाटते गं मला. पण ती माझ्याकडे राहू दे, तू घेऊ नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी
आई


राऊ
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. (हे मामाने लिहायला लावलं.)

तुझं पत्र बॅगमध्येच घेऊन फिरत होती. आज संडेला मामा तो कोट घालून उभा राहिला. जाळीच्या मागे त्याचा चष्मा दिसत होता, तो आधी काढायला लावला. मग त्याने माझा हात धरला, तोच डावा, आणि जोरात खेचला. मी मारलं.

आई, हात थांबला नाही, कसम से. मामा सीधा मॅटवर आणि हेल्मेट फिरून कानावर. सगळ्यांना वाटलं, आता दीदी सॉरी बोलणार. मी पण वाट बघितली. निघालंच नाही.

मामाचा ओठ थोडा फुटला. मामी बोलली, ज्याने पाडलं त्यानेच बर्फ आणावा. मामा बर्फ लावून हसत होता, तर अजून रक्त यायला लागलं. त्याने कोट काढला, तेव्हा मी त्याच्या पाया पडली.

उद्यापासून मी एकटी जाणार. बस सुटली तर गेटच्या आत गार्डजवळच थांबायचं, हे मामाने कबूल करून घेतलंय. होळीला येते, पण परतीचं तिकीट काढून.

भीती अजून आहे, थोडी. तू म्हटलंस तुझ्याकडे राहू दे, पण तुझ्याकडे आधीच खूप आहे. माझी मी ठेवून घेते.

तुझी
शर्वरी